कोळसा रस्त्यावरचे एकोणीस दिवे

बेयसेन रस्त्यानं चालताना समोर बघत नसे. मान वर, कानटोपी मागे सरकलेली आणि ओठ हलताहेत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा दुवा मागतोय. तो खांब मोजत असे. आमच्या तासबुलाक गावात रस्त्यावरचे सहाशेच्या वर खांब आणि ते सांभाळायला हा एकटा, चौतीस वर्षं. कुठला दिवा पेटताना गुणगुणतो, कुठला वारा सुटला की डोळे मिचकावतो, हे त्याला शेजाऱ्यांच्या दुखण्यांसारखं पाठ होतं.

त्याचं घर आणि माझं घर एकाच रस्त्यावर. मालधक्क्यावरून वीजघराकडे जाणाऱ्या कोळशाच्या लॉऱ्या इथूनच जातात, म्हणून त्याला कोळसा रस्ता म्हणतात. शाळेपासून मोजलं तर बावीस खांब. पहिल्या नऊ खांबांपर्यंत घरं. दहापासून सतरापर्यंत एका बाजूला मालधक्क्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसता माळ. मग पुन्हा थोडी घरं, आणि बाविसाव्या खांबाखाली बेयसेनचं दार.

सहा वर्षांपूर्वी नगरकचेरीनं काटकसरीचा हुकूम काढला, एक सोडून एक दिवा बंद करा. दर खांबावर चढउतार करायला नको म्हणून बेयसेननं एक युक्ती काढली. बर्चच्या लांब कोरड्या काठीला पितळी आकडी बसवली आणि खालूनच खांबावरचा फ्यूज ओढून काढायला लागला. कुठले दिवे काढायचे हे हुकमात नव्हतं. "सम आकड्यांचे काढतो," तो मला म्हणाला होता, "म्हणजे लक्षात राहतं."

तीन आठवड्यांनी, जानेवारीत, त्याची मुलगी शोल्पान इस्पितळातलं काम संपवून घरी येत होती. चौदाव्या खांबापाशी तिला लॉरीनं उडवलं. ड्रायव्हर दारू प्यायलेला नव्हता, वेगातही नव्हता. त्याला ती दिसलीच नाही. तिच्या हातात टॉर्च होती. लोक धावत गेले तेव्हा टॉर्च बर्फात पडून जळतच होती.

बेयसेनला कुणी बोल लावला नाही. त्याची बायको काम्शातनंही नाही. तिनं एवढंच केलं, की त्या दिवसापासून ती काठी तिनं घरात येऊ दिली नाही. काठी बाहेर कुंपणाला टेकलेली असे, उन्हाळ्यात आणि हिमवादळातही. बेयसेन मात्र चालताना खाली बघायला लागला.

पुढं बाकीच्या दिव्यांचेही बल्ब एकेक करून गेले आणि नवे काही आले नाहीत. कोळसा रस्त्यावर तीन दिवे उरले, एक, नऊ आणि एकवीस. शोल्पान गेली तेव्हा तिची मुलगी मेरुएर्त तीन वर्षांची होती. आता ती तिसरीत आहे, दुपारच्या पाळीला. पाळी साडेसहाला सुटते आणि आमच्याकडे डिसेंबरात साडेचारलाच रात्र झालेली असते. आम्ही मोठी माणसं आळीपाळीनं टॉर्च घेऊन मुलांना आणायला जातो. शेजारचा तोखान, जो बावीस वर्षं लॉरी चालवून निवृत्त झालाय, तो आपल्या पाळीला हमखास म्हणतो, "चला रे पोरांनो, भिंतीला चिकटून. लॉरीतून बघितलं तर ही टॉर्च म्हणजे सिगारेटचं थोटूक दिसतंय." मुलं हसतात. बेयसेन नाही हसत.

गेल्या नोव्हेंबरात बातमी आली, की गावातल्या दहा रस्त्यांवर नवे एलईडी दिवे लागणार. वीज निम्म्याहून कमी, म्हणजे वीजघरात कोळसा कमी, म्हणजे धूर कमी. त्यासाठी दूरच्या मोठ्या शहरातून राउशान नावाची इंजिनियर बाई आली. तिशीची असेल, फाटलेले ओठ आणि फार थोडं बोलणं. बेयसेननं तिला सहाशे खांब पायी फिरवून दाखवले आणि कोळसा रस्त्यावर सगळ्यात शेवटी आणलं. त्या दिवशी मी फाटकात बर्फ लोटत होते, म्हणून त्यांचं बोलणं ऐकलं.

"हा रस्ता यादीत नाही बसणार, आगा," ती म्हणाली.

"का? सगळ्यात अंधार तर इथंच आहे."

"म्हणूनच. आधी किती कोळसा जळत होता आणि नंतर किती जळेल, यातला फरक मला दाखवायचा असतो. तुमचे एकोणीस दिवे जळतच नाहीत. अंधार काही खात नाही, धूर सोडत नाही. तो वाचवायचा कसा?"

बेयसेननं काठीच्या आकडीकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे ज्यांनी सहा वर्षं वाचवलं, त्यांना काही नाही."

"नियम मी नाही केले."

"आणि जुने दिवे जळायला लागले तर?"

"माझं मोजमाप अठरा डिसेंबरला आहे," ती म्हणाली. "यंत्र एक तास तारेला लावून ठेवते. त्या तासात जे जळेल ते माझ्या कागदावर येईल. एकोणीसला यादी बंद."

हिशेब उलटा होता. कमी कोळसा जाळायची परवानगी मिळावी म्हणून आधी जास्त कोळसा जाळून दाखवायचा. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं मी, पण हे गणित मला कुठल्याच फळ्यावर मांडता आलं नसतं. बेयसेनला ते मांडायचं नव्हतंच. त्याच्याकडे सव्वीस दिवस होते.

जुने मर्क्युरी दिवे बाजारात कधीच मिळेनासे झालेत. मग कुणी बंद पडलेल्या कोंबडीफार्मच्या छतातून दोन काढून आणले, कुणी रेल्वेच्या मोडक्या शेडमधून पाच. तोखाननं आपल्या मेंढ्यांच्या गोठ्यातला आणून दिला. "मेंढ्या विचारतायत, आम्ही आता वाचायचं कसं?" असं म्हणाला. रस्त्यावरची सगळी माणसं मदतीला उतरली, शिडी धरायला, बर्फ फोडायला, चहा पोचवायला. आमच्यात अशा कामाला कुणाला बोलवावं लागत नाही आणि कुणी गेल्याशिवाय राहत नाही. खांबावर मात्र बेयसेनच चढला. पायाला लोखंडी पंजे बांधून, एकसष्टाव्या वर्षी, उणे पंचवीसमध्ये, उघड्या बोटांनी, कारण हातमोजा घालून तार पिळता येत नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी गेली. काम्शात त्यांना मेंढीची चरबी लावायची आणि बोलायची, "म्हाताऱ्या, पडून मेलास तर तुझ्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला मी पाणीसुद्धा ठेवणार नाही." पण रोज संध्याकाळी फाटकात उभी राहून ती नवे पेटलेले दिवे मोजायची. मी बघितलंय.

सोळा डिसेंबरला बावीसच्या बावीस दिवे पेटले. पिवळट-निळा, आजाऱ्यासारखा उजेड. मुलं शाळेतून आली ती भिंतीला चिकटून नाही, रस्त्यानं पसरून, ओरडत. मेरुएर्त चौदाव्या खांबाखाली उभी राहिली आणि आपल्या सावलीभोवती गोल फिरली. बेयसेन लांब होता. तो तिच्याकडे गेला नाही. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली, एवढंच.

अठराला राउशान आली. साडेपाचला तिनं ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत यंत्र अडकवलं. हा ट्रान्सफॉर्मर आमच्या हमामामागं आहे आणि रस्त्यावरचे दिवे आणि आमची घरं, सगळं त्याच्यावरच. साडेसहापर्यंत यंत्र चालायला हवं होतं. वादळाचा इशारा होता. आठ वाजता अडसर टाकून शहराचा रस्ता बंद करणार होते, म्हणून तिला सातला निघायचंच होतं.

या तासाबद्दल बेयसेननं घरोघर जाऊन सांगितलं होतं. "पाहुणी माझ्याकडे बसेल. मांस माझ्याकडे शिजेल. बाकी कुणी काही करू नका." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आता जे झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते. पाहुणी आपल्या दारावरून काही न चाखता गेली तर घराची बरकत तिच्याबरोबर जाते, असं आम्ही मानतो. तोंडानं नाही म्हणतो, पण मानतो. आणि ही पाहुणी तर आमच्या पोरांसाठी उजेड घेऊन आलेली. तिला एका घरातून उठवून दुसऱ्या घरात नेणं, निदान चार तळलेले बाउरसाक आणि वाटीभर रस्सा तिच्यापुढं ठेवणं, याला बेयसेनची बंदी आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, तो भिडेखातर बोलला. प्रत्येकानं आपापल्या घरात गुपचूप पातेलं चढवलं. चौदा घरांपैकी अकरा घरांत विजेच्या शेगडीवर मांस रटरटत होतं. कुणाची विजेची भट्टी पेटलेली, कुणाच्या किटल्या. थंडी उणे अठ्ठावीस, म्हणून खोल्या गरम करायचे हिटरही होतेच. माझ्याही शेगडीवर घोड्याच्या मांसाचं सॉसेज, काझी, उकळत होतं. एका शेगडीला दोन किलोवॅट. अकराला बावीस. हे गणित मी सहावीच्या मुलांना तोंडी विचारायचे.

बेयसेनच्या घरी सतरंजीवर जेवणाचं दस्तरखान मांडलेलं होतं. राउशान सारखी घड्याळ बघत होती, बेयसेन तिच्याकडे. मीही तिथं होते.

"खा, माझ्या दिव्या," काम्शात तिला म्हणाली. "यंत्र काही तुझ्याकडून घास मागत नाही."

"खातेय, आपा."

"याला कुणी खाणं म्हणत नाही. चिमणी यापेक्षा जास्त सांडते."

राउशान पहिल्यांदा हसली. तेवढ्यात दार लोटून तोखान आत आला, टोपीवर बर्फ. "बेयसेन, पाहुणीला किती वाजता सोडणार? माझ्या घरी मानाचं मेंढीचं डोकं शिजून तयार आहे."

बेयसेननं त्याच्याकडे बघितलं. "काय शिजून तयार आहे?"

"डोकं. आणि असं काय बघतोस, मी एकटाच नाही. पलीकडे सगळ्यांकडे..."

बेयसेन उठला. चपला-बूट काही न घालता मोज्यांवर अंगणात धावला. त्याला ओरडायचं होतं, शेगड्या बंद करा म्हणून. तो फाटकाशी पोचायच्या आत हमामामागून एक जाड, बसका आवाज आला, आणि खिडक्या, अंगण, बावीसच्या बावीस दिवे, सगळं गेलं.

सहा वाजून दहा मिनिटं. यंत्रात चाळीस मिनिटं जमली होती.

ट्रान्सफॉर्मरचे मोठे फ्यूज उडाले होते. बेयसेननं फोनच्या उजेडात पेटी उघडली, हात आत घातला, मग तसाच बाहेर काढला. त्या मापाचे फ्यूज जिल्ह्याच्या गोदामात असतात. गोदाम सहाला बंद होतं. कुणी गाडी काढली, कुणी गोदामवाल्याला फोन लावला. कुणी म्हणालं जाड तार गुंडाळून बघू. त्यानं गुंडाळलीसुद्धा. निळी ठिणगी उडाली आणि तार वितळून बर्फात पडली.

"पोरी," तो राउशानला म्हणाला, "चाळीस मिनिटं तू बघितलीस. दिवे जळताना तू डोळ्यांनी बघितलेस."

"बघितले, आगा."

"मग उरलेली वीस लिही."

"जे यंत्रानं बघितलं नाही ते मी लिहिलं तर तपासणीत पूर्ण गाव यादीतून जाईल. दहाही रस्ते." तिनं यंत्राची तार गुंडाळायला घेतली. "माझ्या हातात असतं तर..."

"थांब की थोडी. आठपर्यंत."

"अडसर पडला तर उद्याची यादी माझ्याशिवाय बंद होईल. तेव्हाही सगळेच जातील."

तो रस्त्याकडे वळला. कारण साडेसहा वाजले होते आणि रस्त्याच्या त्या टोकाकडून मुलांचे आवाज येत होते, आणि मधे मालधक्क्याची भिंत होती. जी माणसं पाहुणीसाठी तयार होऊन बसली होती ती सगळी, रेशमी शालींसकट, फोन आणि टॉर्च घेऊन अंधारात धावली. मुलं सुखरूप आली. लॉरी एकही आली नाही त्या अर्ध्या तासात. देवाची कृपा म्हणायची ती तेवढीच.

मांस कुणी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी खाल्लं. गोदामातून फ्यूज आले, आमचे जुने दिवे पुन्हा पेटले, पण आमचा रस्ता यादीत आला नाही. तोखान तीन दिवस घराबाहेर आला नाही. चौथ्या दिवशी बेयसेनच्या अंगणात येऊन म्हणाला, "मला शिव्या घाल."

"कशाला?" बेयसेन म्हणाला. "तू पाहुणीला जेवायला घालणार होतास. त्यात शिव्या घालण्यासारखं काय?"

"तरी घाल."

"जा घरी, तोखान."

जानेवारीत नवे दिवे लागले. चौकात, बाजारपेठेत, नगरकचेरीसमोर. स्वच्छ, पांढरा उजेड, वर्तमानपत्र वाचता येईल असा. बेयसेननंच ते चढवले आणि नीट चढवले. मुख्य रस्त्यावरचे उतरवलेले जुने दिवे त्यानं आमच्या रस्त्याला राखीव म्हणून मागितले तर ते मोजून, पेटीत सील करून पाठवायचे होते, आत पारा असतो म्हणून. बरोबरच होतं ते. सगळं बरोबरच होतं, यातच सगळं वाईट होतं.

फेब्रुवारीत त्याच्या नावानं पत्र आलं. गावाची बचत गावभरची मिळून धरतात. कोळसा रस्त्यावर डिसेंबरपासून एकोणीस जुने दिवे वाढल्यानं ती खाली येते. रस्ता पूर्वीच्या स्थितीत आणावा. एक, नऊ आणि एकवीस सोडून बाकीचे दिवे पंधरा तारखेपर्यंत काढावेत. न काढल्यास बाहेरून पथक येऊन पूर्ण लाइन तोडेल.

पत्र त्यानं माझ्याकडे वाचायला आणलं, वाचता येत असून. काम्शात बरोबर होती. सहा वर्षांत जे बोलली नाही ते ती त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बोलली.

"तीनच ठेवायचेत ना? मग चौदावा ठेव."

"मग तिन्हींतला एक काढायला लागेल."

"काढ. नऊ काढ."

"नवावर नाल्याचा कठडा तुटलाय, काम्शात."

"एकवीस काढ मग. आपल्या दाराजवळचाच आहे."

"तिथं लॉऱ्या वळतात." तो टेबलावरच्या पत्राकडे बघत होता. "कुणाचं पोर कुठल्या खांबापाशी अंधारात राहील, हे मी एकदा निवडलंय. सम म्हणालो. लक्षात ठेवायला सोपं म्हणून. आता पुन्हा नाही निवडणार मी. तू सांगितलंस तरी नाही."

काम्शात उठली आणि माझ्या खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी चहा ओतला. तो कुणी प्यायला नाही.

त्यानं पंधरा तारखेपर्यंत वाट बघितली. आणि त्या दिवशीही दुपारी काम उरकलं नाही. साडेसहाला शाळा सुटली तेव्हा तो काठी घेऊन पहिल्या खांबापाशी उभा होता. त्या दिवशी मुलांना आणायची पाळी माझी होती, म्हणून मी हे जवळून बघितलं.

मुलं पुढं झाली. दुसऱ्या खांबाखालून शेवटचं मूल गेलं, तेव्हा त्यानं आकडी वर घातली आणि फ्यूज ओढला. मग तिसरा. मुलं पुढं, तो मागं. त्यांच्या पायांखाली उजेड होता तोवर तो काठी उचलत नव्हता. मुलांना दोन-तीन खांबांतच खेळ कळला. "आम्ही पळतो, तुम्ही विझवा, बेयसेन आजोबा." तो म्हणाला, "पळू नका. हळू चाला." इतक्या हळू आवाजात, की मुलं खरंच हळू चालायला लागली.

भिंत सुरू झाली. दहा, अकरा, बारा, तेरा. मागं वळून बघितलं तर रस्ताच नव्हता, लांब पहिला आणि नववा दिवा तेवढा.

चौदाव्याखाली मेरुएर्त थांबली. बाकीची मुलं पुढं गेली, ती नाही.

"चल," बेयसेन म्हणाला.

"मी इथून हललेच नाही तर?"

"तर मी विझवणार नाही."

"किती वेळ?"

"तू उभी आहेस तोवर."

ती उभी राहिली. दप्तर पाठीवर, हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतलेले. तोही उभा राहिला, काठी बर्फात टेकून. उणे तीस होतं. मी बाकीच्या मुलांना पंधराव्या खांबाखाली थांबवलं आणि त्या दोघांकडे बघत राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मेरुएर्तच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. ती पाय आपटायला लागली, आधी एक, मग दुसरा. आजोबांनी आपली कानटोपी काढून तिच्या टोपीवर घातली, तरी ती आपटतच राहिली.

"गारठलीस," तो म्हणाला.

"नाही."

"मेरुएर्त."

"थोडीशी."

"चल आता," तो म्हणाला. "मीच सांगतोय. चल."

ती माझ्याकडे चालत आली. माझा हात धरला तेव्हा तिची बोटं लाकडासारखी होती. मागं फ्यूज निघाल्याचा आवाज आला, बारीक, बाटलीचं बूच निघावं तसा. तिनं वळून बघितलं नाही. मी बघितलं. तिथं काहीच दिसत नव्हतं, बोडक्या डोक्याचा तो माणूससुद्धा.

पुढचे खांब कुणी खेळ म्हणून मोजले नाहीत. बाविसाव्याखाली काम्शात फाटक उघडून उभी होती. तिनं नातीला आत ढकललं आणि स्वतः तिथंच थांबली. बेयसेननं शेवटचा फ्यूज काढला. मग काठी कुंपणाला टेकवायला गेला. काम्शातनं ती त्याच्या हातातून घेतली, अंगणातल्या अंधारात चाचपडत दार शोधलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा काठी घरात नेली.